अनिकेताचे घर

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची जी नामावळी सांगितली, तीत पृथ्वी, वायू, आकाश यांच्या पंक्तीला सर्पही बसला आहे. आणि त्याच्यापासून अवधूत जे शिकला त्याचा आशय असा की, साधकाने एकटे असावे, सावध असावे, मितभाषी असावे, आणि स्वतःसाठी घर बांधण्याच्या खटाटोपात पडू नये, कारण सर्प दुसऱ्याने केलेल्या घरात शिरतो आणि तेथेच सुखाने वाढतो. एकनाथांनी शके 1495 मध्ये, म्हणजे इसवी सन 1573 साली, काशीत आपली भागवतटीका पूर्ण केली, आणि पुढे पोथीच्या वाटेने हा सर्पगुरू मराठी भाविकांच्या घराघरांत पोचला. कोकणातल्या पावससारख्या गावी, जेथे नाथपंथाची परंपरा जिवंत आहे आणि जेथे पावसाळ्यात पडवीच्या कोपऱ्यात खराखुरा सर्पही अधूनमधून दर्शन देतो, तेथे या गुरूचा विचार केवळ दृष्टांत म्हणून करून भागत नाही. ज्याने घर न करण्याचा पाठ दिला, त्यालाच घर करून देण्याची वेळ माणसावर आली, तर ते घर केवढे असावे, तो वाढत गेला म्हणजे ते कसे बदलावे, आणि ते देणाऱ्याला त्या जीवावर कोणता हक्क पोचतो, हा धर्माचाच प्रश्न आहे असे मी मानतो.

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. आपल्या मुलखातला नाग, धामण, दिवड, अजगर यांपैकी कोणालाही धरून घरात ठेवण्यास 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मज्जाव केला आहे, आणि तो योग्यच आहे. सर्पमित्राने एखाद्याच्या माजघरातून उचललेले जनावरदेखील वनखात्याला रीतसर कळवून त्याच्या जागी सोडायचे असते. परंतु परदेशी सर्प पाळणारी माणसे आज आपल्या शहरांतून आहेत, आणि 2022 साली याच कायद्यात झालेल्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या यादीत असलेल्या अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करणे त्यांच्यावर बंधनकारक झाले आहे. या सर्पांपैकी सर्वांत अधिक पाळला जाणारा, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन, हा मूळचा वारुळांत आणि उंदरांच्या बिळांत राहणारा प्राणी. म्हणजे अवधूताच्या वर्णनाला अक्षरशः उतरणारा. तो अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा वीत-दोन वीत लांबीचा असतो, आणि पूर्ण वाढला म्हणजे तीन ते पाच फुटांपर्यंत जातो. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याची वाढ झपाट्याने होते, पुढे मंदावते. पाळणाऱ्यापुढे येणारी अडचण येथून सुरू होते, कारण पहिल्या महिन्यात जी पेटी त्याला आसरा वाटते तीच तिसऱ्या वर्षी त्याची कोंडी करते.

सामान्य समज असा की, मोठी जागा म्हणजे अधिक सुख, आणि म्हणून पिल्लू आणल्याबरोबर त्याला प्रशस्त काचपेटी देणे हे औदार्य. प्रत्यक्षात घडते ते उलट. उघड्यावाघड्या मोठ्या पेटीत सोडलेले पिल्लू एका कोपऱ्यात मुटकुळे करून पडून राहते, आणि पुष्कळदा अन्नाला तोंड लावीत नाही. कारण जन्मतः ज्याच्या मागे घार, मुंगूस आणि रानमांजर लागलेले असते, त्याच्या दृष्टीने आडोसा नसलेला विस्तार हा धोकाच होय. म्हणून जाणकार पाळणारे पिल्लाला लहान पेटी देतात, किंवा मोठी दिलीच तर ती पाने, साली, फांद्या, उपडी मडकी यांनी अशी भरून टाकतात की, त्याला कोठूनही कोठेही जाताना अंग लपविता यावे. पेटीचे एक टोक सुमारे एकतीस-बत्तीस अंश उबदार आणि दुसरे पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवावे लागते, कारण सर्पाच्या देहात स्वतःची ऊब निर्माण करण्याची सोय नाही. तो ऊन आणि सावली यांच्यामध्ये ये-जा करूनच आपले अन्न पचवितो. आणि या दोन्ही टोकांना एकेक आडोसा असावा लागतो. एकच आडोसा ठेवला आणि तो थंड बाजूला असला, तर अन्न पोटात घेऊन पडलेल्या प्राण्याला ऊब हवी की निर्भयता हवी, यांतून एकाची निवड करावी लागते. मला या एवढ्याशा तपशिलात फार मोठी नीती दिसते. जो दुसऱ्याच्या आश्रयाने राहतो त्याच्यावर दोन आवश्यक गोष्टींतून एक सोडण्याचा प्रसंग आणणे, ही हिंसा आहे, मग ती करणाऱ्याच्या मनात कितीही माया असो.

आपल्या शास्त्रकारांनी साधनेच्या बाबतीत अधिकारभेद मानला. ज्याची जेवढी पात्रता, त्याला तेवढाच उपदेश. कोवळ्या साधकाला एकदम निर्गुणाच्या मोकळ्या मैदानात उभे करणे त्याच्या हिताचे नसते, म्हणून त्याला मूर्ती, नाम, नेम यांचा आडोसा द्यावा, आणि त्याची वाढ होईल तसतसा तो आडोसा सैल करीत न्यावा. या विचाराचा पुढे जातिभेदाच्या समर्थनासाठी जो दुरुपयोग झाला तो निंद्यच. पण विचारातला गाभा खरा आहे, आणि तो सर्पाच्या पेटीला जसाच्या तसा लागू पडतो. त्यातली अवघड बाजू मात्र विसरून चालत नाही. जो गुरू शिष्याला लहान आडोसा देतो, त्याच्यावर तो आडोसा वेळीच मोडण्याची जबाबदारीही येते. पिल्लाला लहान पेटीत ठेवणे शहाणपणाचे म्हणून तोच सर्प मोठा झाल्यावरही त्याच पेटीत राहू देणे, आणि ‘तो खातो-पितो, म्हणजे सुखी आहे’ असे म्हणणे, हा शहाणपणाच्या आवरणाखाली झाकलेला आळस आहे. सर्पांचा व्यापार करणारे त्यांना उथळ खणांच्या मांडणीत आयुष्यभर ठेवतात, आणि ते अंडी घालतात हे त्यांच्या समाधानाचे प्रमाण म्हणून पुढे करतात. खाणे आणि प्रजोत्पादन एवढ्यावरून समाधानाचा निकाल लागत असता, तर मनुष्याच्या तुरुंगांविषयीही आपल्याला फारशी तक्रार करता आली नसती.

मोठ्या झालेल्या सर्पाला किती जागा लागते, या प्रश्नाचे उत्तर मला वेदान्ताच्या एका सूत्रात सापडते, हे सांगितले तर कित्येकांना आश्चर्य वाटेल. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात जीव आणि ब्रह्म यांचा भेद व अभेद दोन्ही श्रुतीत कसे सांगितले आहेत, हे समजाविताना सूत्रकारांनी अहिकुंडलाचा दृष्टांत घेतला. सर्प म्हणून पाहिले तर तो एकच. पण वेटोळे घातलेला, फणा उभारलेला, लांब पसरलेला अशा त्याच्या अवस्था भिन्न. वेदान्तात सर्प म्हटला की आपल्याला दोरीवर भासलेला तो मिथ्या सर्पच आठवतो, आणि सूत्रकारांनी येथे खऱ्या सर्पाकडे किती बारकाईने पाहिले आहे, ते आपल्या नजरेतून निसटते. वेटोळे आणि विस्तार या दोन्ही मिळून सर्प पुरा होतो. ज्या पेटीत त्याला वेटोळे घालता येते पण अंग सरळ करता येत नाही, तिच्यात अर्धा सर्प राहतो आणि उरलेला अर्धा नाकारला जातो. पाळणाऱ्यांमध्ये पूर्वी असा ठोकताळा चाले की, पेटीची लांबी आणि रुंदी मिळून सर्पाच्या लांबीइतकी झाली म्हणजे पुरे; अलीकडे विचारी लोक हे मान्य करीत नाहीत आणि पेटीची लांबीच निदान सर्पाच्या लांबीइतकी असावी असा आग्रह धरतात, कारण सर्प स्वस्थ असताना पुष्कळदा पूर्ण पसरून पडतो, हे निरीक्षणाने ठरले आहे. त्यांनी सूत्रकार बादरायणाचे नावही कदाचित ऐकले नसेल. पण ज्या प्राण्याकडे पाहून सूत्रकारांनी दृष्टांत घेतला, त्याच प्राण्याकडे पाहून ते या निर्णयाला आले.

सर्प वाढतो, पण त्याची बाह्य त्वचा वाढत नाही, म्हणून तो ती टाकतो. पावसच्या आमरायांना जांभ्या दगडाचे जे गडगे असतात, त्यांच्या फटीत अडकलेली धामणीची कात निरखून पाहण्यासारखी असते. ती उलटी असते, म्हणजे आतली बाजू बाहेर आलेली; कारण सर्प आपले तोंड खरबरीत दगडावर घासून ओठांपाशी त्वचा सोडवितो, आणि मग पुढे सरकत सरकत तिच्यातून बाहेर पडतो. पोटाखालचे रुंद खवले एकामागून एक पट्ट्यांसारखे दिसतात, पाठीवरची लहान खवल्यांची जाळी उजेडासमोर धरली तर घरांघरांनी मोजता येते, आणि डोक्याच्या ठिकाणी दोन पारदर्शक टोप्या असतात, त्या डोळ्यांवरच्या. सर्पाला पापण्या नसतात, म्हणून डोळ्यावरचा खवलाही त्याला दर वेळी टाकावा लागतो, आणि त्यापूर्वी काही दिवस त्याचे डोळे निळसर, दुधाळ होतात. त्या काळात त्याला नीट दिसत नाही, तो चिडखोर होतो, आणि लपून राहू इच्छितो. पेटी कोरडी असली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरची टोपी तशीच अडकून बसते. म्हणून पाळणारा त्या दिवसांत एका आडोशात ओलसर शेवाळ ठेवतो आणि सर्पाला हात लावीत नाही. कातेच्या लांबीवरून मात्र सर्प मोजू नये, कारण निघताना ती ताणली जाते.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्याने जनकाला सांगितले की, वारुळावर टाकलेली कात जशी निर्जीव पडून राहते, तसे ज्ञान्याचे शरीर होय. या दृष्टांतातली एक गोष्ट माझ्या मनात नेहमी घोळते. कात पडते ती वारुळावर. म्हणजे सर्पाने स्वतःचे म्हणून जे टाकले तेही दुसऱ्याच्या घरावर. वाळवीने माती वर आणली, मनोरा उभारला, ती निघून गेली. सर्प आला, राहिला, वाढला, कात टाकली आणि तोही निघून गेला. जमिनीच्या कज्जांमध्ये मुरलेला आपला कोकणी समाज वहिवाट आणि मालकी यांतला फरक चांगला जाणतो. सर्पाच्या जीवनात वहिवाट आहे आणि मालकी कोठेही नाही, हेच अवधूताला त्याच्यापासून शिकायचे होते.

पावसच्या भोवतालचा मुलूख या दृष्टीने पाहावा. वर कातळाचे सडे, उतरणीला आमराया, खाली भातखाचरे आणि नारळी-पोफळीच्या बागा, आणि गावातून गौतमी नदी. सड्यावर उन्हात तापलेल्या दगडाखाली फुरसे असते, गडग्याच्या पोकळीत धामण, भातशेतीच्या पाण्यात दिवड, वारुळात किंवा उंदराच्या बिळात नाग, आणि रात्री चिऱ्याच्या भिंतीच्या भेगेतून निघणारी मण्यार. यांतले एकही घर त्यांनी बांधलेले नाही. गडगा तर मनुष्याने बांधला, आंब्याच्या राखणीसाठी, चुना-सिमेंट न वापरता नुसता दगडावर दगड रचून. आणि त्या न बुजविलेल्या फटींमुळेच तो धामणीला उपयोगी पडला, जिने मग बागेतले उंदीर आटोक्यात ठेवले. नकळत दिलेले हे घर मला जाणूनबुजून दिलेल्या पेटीहून अधिक निर्दोष वाटते. ज्या जिल्ह्यात इंग्रजी अमदानीत मारलेल्या फुरशांबद्दल सरकारी खजिन्यातून इनाम वाटले जात असे, त्याच जिल्ह्यात गडगे आणि वारुळे सर्पांना मुकाट्याने आसरा देत राहिली. फुरशाच्या दंशाने गेलेल्या माणसांचे दुःख खरे होते, आणि त्या इनामामागची भीतीही खरी होती. कोकणात सर्पदंशासाठी ‘पान लागले’ हे शब्द आजही घरात हलक्या आवाजात उच्चारले जातात. मी सर्पाचा कैवार घेतो तो हे विसरून नव्हे.

येथे पावसच्या एका खोलीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्वामी स्वरूपानंद, पूर्वाश्रमीचे रामचंद्र विष्णु गोडबोले, यांचा जन्म याच गावी 15 डिसेंबर 1903 रोजी झाला. स्वातंत्र्याच्या चळवळीत 1932 साली त्यांनी येरवड्याचा कारावास भोगला. आणि पुढे आजारी अवस्थेत पावसला परतल्यावर, 15 ऑगस्ट 1974 रोजी समाधिस्थ होईपर्यंत, सुमारे चाळीस वर्षे ते देसाई कुटुंबाच्या ‘अनंत निवास’ या घरातल्या एका खोलीत राहिले. नाथसंप्रदायाचा अनुग्रह लाभलेल्या या पुरुषाने स्वतःचे घर उभारले नाही. दुसऱ्याने बांधलेल्या घरात वास केला, आणि तेथूनच अभंग ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ दिला. एकाच पुरुषाच्या चरित्रात येरवड्याची कोठडी आणि पावसची खोली अशा दोन लहान जागा आल्या, आणि त्यांच्या लांबी-रुंदीत काही फार मोठे अंतर असेल असे नाही. अंतर होते ते कडीचे. एक कडी बाहेरून लागली होती, आणि दुसरी, लावलीच तर, आतून.

म्हणून ‘महात्मे लहानशा खोलीत समाधानाने राहिले, मग सर्पाला लहान पेटी का पुरू नये’ असा युक्तिवाद कोणी केला, तर तो मला मान्य होणार नाही. स्वेच्छेने स्वीकारलेला संकोच ही तपश्चर्या. लादलेला संकोच हा बंदिवास. आणि सर्पाच्या पेटीची कडी नेहमीच बाहेरून लागते. ही कडी पाळणाऱ्याला काढताही येत नाही, कारण निसटलेला सर्प शेजाऱ्याच्या भयाचे आणि बहुधा स्वतःच्या मृत्यूचे कारण होतो. अशा स्थितीत पाळणाऱ्याजवळ एकच प्रायश्चित्त उरते: कडी बाहेरून लावली आहे याचे भान ठेवून, आतली प्रत्येक गोष्ट सर्पाच्या मापाने करावी, आणि ते माप वाढेल तसे घर वाढवावे, स्वतःच्या दिवाणखान्यात ते शोभो वा न शोभो.

परंतु याच्याही अगोदरचा प्रश्न असा की, हे घर आपण देतो ते दान आहे की ऋण? सर्पाचे घर अगोदर आपणच मोडले असेल, तर ते ऋणच होय; महाभारतात इंद्रप्रस्थ वसल्यानंतरची अशी एक कथा आहे, ती आपण सहज विसरतो. कृष्ण आणि अर्जुन यांच्या साहाय्याने अग्नीने खांडववन जाळले, तेव्हा तक्षक तेथे नव्हता, पण त्याची पत्नी आणि पुत्र अश्वसेन होते. मातेने पुत्राला गिळून वाचविण्याचा यत्न केला, ती मारली गेली आणि पुत्र तेवढा निसटला. त्या कुळाचे वैर पुढे परीक्षिताच्या मृत्यूपर्यंत आणि जनमेजयाच्या सर्पसत्रापर्यंत गेले, आणि आस्तिकाने मध्ये पडून ते थांबविले. व्यासांनी या वैराच्या मुळाशी एका कुळाचे जळालेले घर ठेवले आहे. आज सड्यावर चिरेखाणी खोल जातात, कलमांसाठी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले जातात, गडग्यांच्या जागी सिमेंटच्या भिंती उभ्या राहतात. आणि घर गेलेला सर्प आपल्या पडवीत आला की, आपण त्याला घुसखोर म्हणतो.

आपल्या पूर्वजांना या गोष्टीची जाण होती. नागपंचमीच्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, काही चिरायचे-कापायचे नाही, हा नेम पाळणाऱ्या बाया-माणसांनी त्यामागे काय अर्थ आहे हे सांगितले नसेल. पण श्रावणात बिळे पाण्याने भरलेली असताना, निदान एक दिवस तरी त्याच्या घरावर लोखंड चालवू नये, हा त्यातला भाव उघड आहे. पूजा पाटावर काढलेल्या नाहीतर मातीच्या नागाची होते; खऱ्याला धरून आणण्याची गरज त्यात नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी देवीची उपासना वारुळाच्या रूपाने चालते, आणि देऊळ त्या वारुळाभोवती उभे असते. वारूळ हलवून देवळात आणलेले नाही, ही गोष्ट मला त्या उपासनेत सर्वांत पूज्य वाटते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला मात्र जिवंत नाग धरून मिरविण्याची रीत रूढ झाली, आणि तिचे मूळ लोक गोरक्षनाथांपर्यंत नेतात. तेथल्या भाविकांचे नागावरचे प्रेम खोटे नव्हते, पण उच्च न्यायालयाने त्या प्रथेला जो पायबंद घातला, तो मला अवधूताच्या शिकवणीशी अधिक सुसंगत वाटतो.

तेव्हा निर्णय असा की, आपल्या भूमीवरच्या सर्पाला घर देणे म्हणजे त्याचे घर न मोडणे, यापलीकडे आपल्याकडून त्याला काहीच नको आहे. पेटीचे ऋण उरते ते फक्त अशा जीवांचे, ज्यांची परतीची वाट मनुष्यानेच बंद केली: पिंजऱ्यात जन्मलेले, समुद्रापलीकडून आणलेले, किंवा जखमी होऊन जगण्याचे सामर्थ्य गमावलेले. कोणी म्हणेल, सर्प घर बांधीत नाही हे तरी कोठे खरे? पश्चिम घाटाच्या रानांतली नागराजाची मादी अंडी घालण्यासाठी पानांचा ढीग रचून घरटे करते, आणि सर्पजातीत असे करणारी ती एकटीच म्हणून प्रसिद्ध आहे. अवधूताच्या वचनाला हा अपवाद खरा. पण ते घरटे ती स्वतःसाठी करीत नाही, आणि पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास ती ते सोडून जाते.

ज्यांनी हे ऋण न जाणता घर दिले, त्यांचे काय होते ते अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत दिसले. आपल्या ईशान्येकडच्या आणि ब्रह्मदेशाकडच्या रानांतला प्रचंड अजगर तेथे लोकांनी पिल्लू असताना हौसेने घेतला. तो दहा-बारा फुटांचा झाला, पेटी पुरेना, तेव्हा कित्येकांनी तो रात्री नेऊन पाणथळीत सोडला, काही आपणहून निसटले, आणि पुढे त्यांची संतती एवढी वाढली की, तेथले ससे, रॅकून आणि इतर सस्तन प्राणी कितीतरी भागांतून जवळजवळ दिसेनासे झाले. तेथे एका घराच्या अपुरेपणाची किंमत साऱ्या रानाने दिली. कोकणातल्या दमट, उंदरांनी समृद्ध बागांत परदेशी सर्प सोडण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याने हे आठवावे.

शेवटचा हिशेब काळाचा आहे. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या अशा एका मादीने 2020 साली अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे असल्याचे तेथल्या लोकांनी सांगितले. पन्नाशीतल्या माणसाने आज पिल्लू घेतले, तर त्याचे शेवटचे घर पुष्कळदा दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागेल. आपल्याकडे मनुष्य मृत्युपत्रात जमिनीची, दागिन्यांची, कलमांच्या उत्पन्नाची वाटणी बारकाईने करतो. जो जीव आपल्या शब्दाखेरीज दुसऱ्या कशावरही विसंबू शकत नाही, त्याचा उल्लेख तेथे क्वचितच असतो. त्याला घेणारा कोण, त्याच्याजवळ पुरेशी जागा आणि ऊब आहे काय, सरकारी नोंद त्याच्या नावावर कशी चढवायची, आणि तो नाही म्हणाला तर कोणत्या संस्थेकडे जायचे, हे सारे पिल्लू घरी येण्यापूर्वी ठरावे. आणि त्या दुसऱ्या माणसाची लेखी संमती नोंदणीच्या कागदांबरोबर ठेवलेली असावी.